आधी कान, मग माइक, मग परत कान : दहा बाय बाराच्या खोलीत स्टिरिओ बसवताना

दुकानात मोकळा, भरदार वाटलेला स्पीकर घरी आल्यावर घुमायला लागतो किंवा कोरडा पडतो. मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, मोजल्याशिवाय बोलू नकोस. दुसरा म्हणतो, संगीत काय ग्राफ बघून ऐकायचं असतं का? दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ती जागा कोणती हे दोघेही सांगत नाहीत. माझ्या मते वाटणी सोपी आहे. साधारण २५० ते ३०० हर्ट्झच्या खाली तुमच्या खोलीची सत्ता चालते, तिथे माइकचं, म्हणजे मोजमापाचं ऐका. त्याच्या वर कानाचं ऐका, पण कानाला आधी काही अटी घाला. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका वाटणीतून आल्या आहेत.

उदाहरणासाठी खोली घेऊ १२ फूट लांब, १० फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली नेहमीची बेडरूम. दोन बुकशेल्फ (फळीवर मावतील एवढे) स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर, सबवूफर (फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर) असला तर असला.

टेप आणि कॅल्क्युलेटर

माइक विकत घ्यायच्या आधी खोली मोजा. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर फुटांत घ्या आणि ५६८ ला त्या आकड्याने भागा. जे उत्तर येईल त्या हर्ट्झला त्या दिशेचा पहिला अनुनाद (भिंतींमध्ये अडकून फुगणारा सूर) बसतो (खोलीत २५ अंश तापमान धरून). आपल्या खोलीत लांबीचा ४७, रुंदीचा ५७ आणि उंचीचा ६०. याच्या दुपटीला पुढचे : ९५, ११४, १२०. आता ५७-६० आणि ११४-१२० या जोड्या बघा. रुंदी आणि उंची जवळपास सारखी असल्याने दोन-दोन अनुनाद एकमेकांच्या उरावर बसलेत. या खोलीत बेस घुमणार हे स्पीकर कोणत्या कंपनीचा आहे ते न बघताही सांगता येतं.

परदेशी लेख आणि व्हिडिओ बघून खोली सुधारणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतल्या घरांत बऱ्याचदा लाकडी चौकटीवर जिप्समचे बोर्ड ठोकून भिंत केलेली असते. ती बेसच्या लहरीबरोबर थोडी हलते आणि तेवढी शक्ती खाऊन टाकते. आपली वीट-सिमेंटची भिंत, वर स्लॅब, खाली फरशी. यातलं काहीच हलत नाही. त्यामुळे तिकडचा ‘थोडासा’ घुमारा आपल्याकडे चांगलाच मोठा निघतो. फायदा एकच, असले अनुनाद गणिताने काढलेल्या आकड्यांच्या फार जवळ सापडतात.

खोलीची सत्ता नेमकी कुठे संपते यासाठी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांचं सूत्र वापरतात : आवाज विरायला लागणारे सेकंद भागिले खोलीचं घनफळ (घनमीटरमध्ये), त्याचं वर्गमूळ, गुणिले २०००. आपली खोली ३२ घनमीटर, आवाज विरायला अर्धा सेकंद धरला तर उत्तर २५० हर्ट्झ. ही काही लक्ष्मणरेषा नाही, हळूहळू होणारा बदल आहे.

पहिलं ऐकणं, वहीसकट

ग्राफ बघण्याआधी ऐकायचं, आणि ऐकलेलं लिहायचं. हा क्रम मी कधीच बदलत नाही. एकदा का ६० हर्ट्झचा डोंगर स्क्रीनवर बघितला की तो प्रत्येक गाण्यात ऐकू यायला लागतो, जिथे नाही तिथेसुद्धा.

सुरुवात मोनो आवाजाने, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून सारखाच येणाऱ्या आवाजाने करा. बातम्या वाचणाऱ्याचा आवाज चांगला. दोन्ही स्पीकर चालू असताना तो बरोबर मधोमध, हवेत एका जागी उभा राहिला पाहिजे. तो पसरट, डोक्याभोवती फिरल्यासारखा वाटला आणि बेसही गायब असला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट लागल्यात. आधी ते सुधारा. नाहीतर पुढच्या सगळ्या मोजमापांची माती होते. पुरुषाचा आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा येत असेल तर ‘१०० ते २०० च्या आसपास फुगलंय’ अशी नोंद करा.

मग तबला. डग्ग्यावर तळहात सरकवत काढलेला घुमारा हा आपल्या संगीतातला आयता स्वीप (खालून वर सलग चढत जाणारा सूर) आहे. तो वर चढताना एखाद्या जागी अचानक अंगावर येतो आणि पुढच्या क्षणी नाहीसा होतो का, ते बघा. एकल तबलावादनाचं स्वच्छ ध्वनिमुद्रण घेतलं तर हे दोन मिनिटांत कळतं. तानपुरा लावून खोलीभर हळूहळू चाला. काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो, आणि कोपऱ्यात तो कसा फुगतो, मधे कसा विरतो हे चालताना ऐकू येतं.

शेवटी पिंक नॉइज, म्हणजे तो धबधब्यासारखा सरसर आवाज. ऐकायला कंटाळवाणा, पण स्पीकरमधला रंग पकडायला एकट्या गळ्यापेक्षा किंवा एकट्या वाद्यापेक्षा कितीतरी सरस, कारण त्यात सगळ्या फ्रिक्वेन्सी एकाच वेळी हजर असतात. त्यात ‘ऊ’, ‘आ’ किंवा ‘ई’ असा एखादा स्वर डोकावला तर तिथे काहीतरी उठून दिसतंय.

याच बैठकीत एक कमी आवाजाचा, संथ, २० पासून ३०० हर्ट्झपर्यंतचा स्वीप लावा आणि उठून फिरा. लोखंडी कपाटाचं दार, काचेची तावदानं, वरच्या फळीवरचे डबे, स्विचबोर्ड. कोण कधी थरथरतं ते लिहून घ्या. या खडखडाटासाठी माइकची गरज नाही. दाराच्या फटीत रबराची पट्टी पुरते.

माइक

सोपा मार्ग यूएसबीचा मोजमाप-माइक. मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-१ हौशी लोकांत सगळ्यांत जास्त दिसतो. त्याच्या प्रत्येक नगाची स्वतंत्र कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकच्या चुका भरून काढणारी) असते, सीरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्यायची. फाइली दोन मिळतात : माइक स्पीकरकडे रोखला तर ० अंशाची, छताकडे ठेवला तर ९० अंशाची. यांची अदलाबदल झाली तर वरच्या फ्रिक्वेन्सीचा ग्राफ खोटं बोलतो. स्टिरिओसाठी ० अंशाची फाइल घेऊन माइक दोन स्पीकरांच्या मधोमध रोखा.

सॉफ्टवेअर रूम ईक्यू विझार्ड. जॉन मलकाही यांनी लिहिलेलं, फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मराठीत समजावणारं कोणी सापडलं नाही तरी घाबरू नका, सुरुवातीला त्यातली चार-पाच बटणंच लागतात.

पंखा, एसी बंद. शक्य असेल तर रात्री, कुकरच्या शिट्ट्या आणि रिक्षा थांबल्यावर. माइक ट्रायपॉडवर, तुम्ही बसता तिथे, कानाच्या उंचीला. हातात धरायचा नाही आणि स्वतः त्या खुर्चीत बसायचं नाही. उंच पाठीची खुर्ची असेल तर बाजूला करा. आवाज आधी कमी ठेवून सुरुवात करा आणि माइकपाशी साधारण ७५ डेसिबलपर्यंत आणा. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ स्वीप. आधी डावा एकटा, मग उजवा एकटा, मग दोन्ही. नंतर डोक्याच्या आसपास फूटभराच्या परिघात माइक थोडा डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे, वर-खाली सरकवत पुन्हा घ्या. एकाच बिंदूवरचं मोजमाप त्या बिंदूपुरतंच खरं असतं, आणि तुमचे दोन कान काही एका बिंदूत नाहीत.

मोबाईल चालेल का? एका मर्यादेत. बऱ्याच फोनच्या माइकमध्ये खालच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम गाळलेल्या असतात, त्यामुळे ‘माझ्याकडे बेसच नाही’ हा फोनचा निष्कर्ष मनावर घेऊ नका. पण तोच फोन, तीच जागा, तेच अ‍ॅप ठेवून ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना केली तर फरक भरवशाचा असतो.

ग्राफ कसा बघायचा

पहिल्यांदा ग्राफ बघणारा माणूस हादरतो. करवतीसारखे दात, २० डेसिबलचे खड्डे. सगळ्यांचं असंच असतं. दोन वेगळ्या नजरेने बघा. ३०० च्या खाली स्मूदिंग (ग्राफची रेषा गुळगुळीत करणं) काढून टाका किंवा एक-चोवीसांश अष्टकाचं ठेवा, म्हणजे अनुनाद सुटे दिसतात. ३०० च्या वर एक-षष्ठांश अष्टकाचं ठेवा, कारण तिथले बारीक दात कान तसे ऐकतच नाही.

आता वही काढा. डग्गा जिथे अंगावर आला होता तिथे ग्राफवर उंचवटा आहे का? टेपने काढलेल्या ४७, ५७, ६० शी तो जुळतो का? वही, गणित आणि माइक तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तो रोग खरा. ग्राफवर दिसतं पण ऐकू कधी आलं नाही, असंही भरपूर निघेल. त्याला तूर्त हात लावू नका. उंचवटे खड्ड्यांपेक्षा जास्त खटकतात आणि रुंद चढ अरुंद शिखरापेक्षा लवकर कळतो. १४० हर्ट्झची एक बारीक, खोल खाच दिसायला भयानक असते, संगीतात तिचा पत्ताही लागत नाही. १०० ते २०० पर्यंत पसरलेला ३ डेसिबलचा फुगवटा ग्राफवर निरुपद्रवी दिसतो आणि प्रत्येक गायकाला सर्दी लावतो.

वॉटरफॉल नावाचा ग्राफही उघडा. त्यात प्रत्येक फ्रिक्वेन्सी किती वेळ रेंगाळते ते दिसतं. घुमणं म्हणजे बहुतेक वेळा हे रेंगाळणंच.

फुकटची दुरुस्ती

इक्वलायझरला (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या साधनाला) हात लावायच्या आधी फर्निचर हलवा. भिंतीपाशी अनुनादाचा दाब सर्वाधिक असतो, दोन भिंतींच्या बरोबर मध्ये पहिल्या अनुनादाचा दाब शून्यापाशी. आपल्याकडे सोफा किंवा पलंग मागच्या भिंतीला टेकलेला असतो, म्हणजे ४७ हर्ट्झचा पूर्ण प्रसाद. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसावं, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. १२ फुटांत ते भिंतीपासून साडेचार फूट होतं. संसारी घरात हे जमेलच असं नाही. दीड फूट जरी पुढे सरकलात तरी माइक फरक दाखवेल.

स्पीकरच्या मागची भिंतही खेळ करते. स्पीकरच्या पुढच्या बाजूपासून भिंतीपर्यंतचं अंतर फुटांत घेऊन २८४ ला त्याने भागा, तिथे खड्डा पडायची शक्यता. अडीच फुटांवर ११४ हर्ट्झ, दोन फुटांवर १४२, एक फुटावर २८४. ‘स्पीकर भिंतीपासून जितका लांब तितका चांगला’ हे लहान खोलीत आंधळेपणाने पाळलं की खड्डा नेमका पखवाज-ढोलकीच्या पोटात येऊन बसतो. लहान खोलीत मी स्पीकर भिंतीजवळच ठेवीन आणि वाढलेला बेस नंतर कापीन. अर्धा-अर्धा फूट सरकवा, प्रत्येक वेळी स्वीप घ्या, फाइलला अंतराचंच नाव द्या. एक संध्याकाळ जाते, पण माइकचे पैसे इथेच वसूल होतात. ही तुलना कानाने जवळजवळ अशक्य आहे, कारण स्पीकर सरकवून परत येऊन बसेपर्यंत आधीचा आवाज स्मरणातून पुसट झालेला असतो.

सबवूफर असेल तर तो तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, बेसचा एखादा तुकडा सतत वाजवा आणि ज्या ज्या ठिकाणी तो ठेवणं शक्य आहे तिथे गुडघ्यांवर रांगत ऐका. जिथे बेस सर्वांत एकसारखा ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. घरचे हसतील. हसू द्या.

कापायचं, वाढवायचं नाही

हलवाहलव संपल्यावर जे उंचवटे उरतील तेवढ्यांसाठी इक्वलायझर. रूम ईक्यू विझार्डच्या ईक्यू खिडकीत मर्यादा २० ते ३०० हर्ट्झ ठेवा, कमाल वाढ शून्य ठेवा आणि त्याला फिल्टर (एकेक उंचवटा कापणारी सेटिंग) सुचवू द्या. तीन-चार फिल्टर पुरतात. वीस आले तर तुम्ही ग्राफ रंगवताय. विंडोज लॅपटॉपवरून ऐकत असाल तर फुकटचं इक्वलायझर एपीओ ते फिल्टर थेट वाचतं. एव्हीआर (होम थिएटरचा रिसीव्हर) असेल तर त्यातलं ऑडिसी, डिराक किंवा वायपीएओ हे खोली जुळवणारं सॉफ्टवेअर हेच काम आपल्या पद्धतीने करतं. पर्याय असेल तिथे त्यालाही वरची मर्यादा ३०० च्या आसपास घालून बघा.

खड्डा भरायला जाऊ नका. तो दोन लहरी एकमेकींना खोडल्यामुळे पडतो. तुम्ही जितकं ओताल तितकंच पुन्हा खोडलं जाईल. आणि १० डेसिबल वाढवणं म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे दहापट वॅट मागणं. लहान वूफर त्यात हकनाक मार खातो.

गोधडी टांगून बेस आटोक्यात येईल का, असं नेहमी विचारतात. ५७ हर्ट्झची लहर सहा मीटर लांब आहे. गोधडीला ती जुमानत नाही.

वरचा भाग, आणि कानाच्या अटी

३०० च्या वर माइकने जे दाखवलं त्यावरून इक्वलायझर फिरवायला मी सहसा जात नाही. माइकला थेट आलेला आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज यांची नुसती बेरीज दिसते. कान-मेंदूची जोडी पहिल्यांदा आलेल्या आवाजावरून दिशा ठरवते आणि लगेच मागून आलेल्याला त्यात मिसळून घेते. म्हणून ग्राफवर सारखे दिसणारे दोन आवाज खोलीत वेगळे वाटू शकतात.

वरच्या भागातली सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे खोलीतला ग्राफ २० पासून २० हजारपर्यंत सपाट करणं. चांगला स्पीकर बंदिस्त, प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत सपाट मोजला जातो. पण तो तिखट स्वर बाजूंना कमी फेकतो, म्हणून खऱ्या खोलीत त्याची रेषा उजवीकडे हळूहळू उतरते. ती उतरायलाच हवी. डेन्मार्कच्या ब्र्युएल अँड केअर कंपनीने १९७४ मध्ये अशीच उतरती रेषा घरगुती ऐकण्यासाठी सुचवली होती, आणि पुढे हर्मन या ऑडिओ कंपनीतल्या संशोधनातही श्रोत्यांनी उतरतीच रेषा पसंत केली. जबरदस्तीने सपाट केलेली सिस्टिम पहिल्या पाच मिनिटांत ‘किती स्पष्ट!’ वाटते आणि तासाभराने कान दुखवते.

इथली कामं कानाची. स्पीकर आत किती वळवायचे? मोनो आवाज लावून थोडे-थोडे वळवा. गायक मधे घट्ट बसला पण बाजूची वाद्यं आक्रसली नाहीत, तिथे थांबा. बाजूच्या भिंतीवरचं परावर्तन शोधायला कोणाला तरी आरसा भिंतीवरून सरकवायला सांगा. खुर्चीतून जिथे ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) दिसेल ती जागा. गोधडी इथे मात्र उपयोगी. दोन दिवस तिथे टांगून ऐका. आवडलं तर नीट पॅनेल करून घ्या. नाही आवडलं तर गोधडी परत कपाटात. बाजूच्या परावर्तनामुळे आवाजाला येणारी रुंदी अनेकांना हवीहवीशी वाटते आणि त्यात गैर काही नाही. फरशी उघडी असेल तर टाळी वाजवून बघा. टाळीमागे ‘टर्र’ असा शेपटा आला तर सतरंजी, जाड पडदे. एवढं बहुतेकांना पुरतं.

बेसची अखेरची पातळीसुद्धा कानानेच ठरवा, आणि तुम्ही रोज ज्या आवाजावर ऐकता त्याच आवाजावर. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं की आवाज कमी केला की कानाला बेस त्याहून जास्त कमी झाल्यासारखा वाटतो. रात्री साडेदहाला शेजाऱ्यांच्या धाकाने हळू ऐकणाऱ्याला ७५ डेसिबलवर जुळवलेला बेस पातळ वाटणारच. टोन कंट्रोल यासाठीच असतो. तो वापरणं कमीपणाचं समजणाऱ्यांचं मला आजवर नवल वाटत आलंय.

आता अटी. डीएसी (डिजिटल फाइलचा विद्युत सिग्नल करणारं यंत्र), अ‍ॅम्प्लिफायर, वायर यांची तुलना करताना कान सहज फसतो. आणि तो मूर्ख असतो म्हणून नव्हे. अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा आवाज ‘मोठा’ वाटतच नाही, ‘जास्त जिवंत’ वाटतो. म्हणून आधी पातळी जुळवा. अ‍ॅम्प्लिफायरसाठी १०० हर्ट्झचा टोन वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज घ्या आणि दोन्हींत एका टक्क्याहून जास्त फरक ठेवू नका. म्हणजे तफावत ०.१ डेसिबलच्या आत येते. मीटरच्या दोन टोकांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका.

दुसरी अट, काय वाजतंय ते कळता कामा नये. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये हर्मनमध्ये तेच स्पीकर लोकांना आधी झाकून आणि मग दाखवून ऐकवले. दिसल्यावर गुण बदलले, हे अपेक्षितच होतं. त्याहून बोचरी गोष्ट अशी की झाकलेले असताना श्रोत्यांना स्पीकरची जागा बदलल्याचा फरक नीट कळत होता, दिसायला लागल्यावर तोच बोथट झाला. म्हणजे डोळा नसलेला फरक दाखवतो आणि असलेला लपवतो. ऐकणारे हर्मनचेच कर्मचारी होते.

घरी हे असं करा. बायको, नवरा, मुलगा, कोणीही एक जण नाणं उडवून ठरवेल अ की ब, आणि तुमच्या नजरेआड वायर बदलेल. बदल केला नाही तरी तेवढाच वेळ खुडबुड करेल. तुम्ही फक्त कागदावर लिहायचं. असं दहा वेळा. दहापैकी नऊ बरोबर आले तर फरक मानायला हरकत नाही. नुसत्या अंदाजाने तसं व्हायची शक्यता सुमारे एक टक्का. आठ बरोबर आले तर साडेपाच टक्के, म्हणजे पुन्हा एकदा बसा. सहा-सात म्हणजे तो पैसा खिशात ठेवा. दोन फाइलींची तुलना करायची असेल तर फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमध्ये एबीएक्सचं (न सांगता अ की ब वाजवून ओळखायला लावणारं) साधन जोडता येतं, तिथे मदतनीसही लागत नाही.

स्पीकरची जागा, गोधडी, बेसची पातळी यांची अशी झाकून चाचणी घरात होत नाही. तिथे मी उलटी पद्धत वापरतो. बदल करून आठवडाभर तसाच राहू द्यायचा, कान सवयीचा होईपर्यंत. मग काही न मोजता जुन्या स्थितीत परत जायचं. जुनं ऐकताना लगेच काहीतरी खुपलं तर बदल ठेवायचा. काहीच खुपलं नाही तर तो काढून टाकायचा, ग्राफ कितीही देखणा झाला असला तरी.

सगळं जागेवर बसलं की शेवटचा स्वीप घेऊन रूम ईक्यू विझार्डची फाइल तारखेसह जपून ठेवा, आणि स्पीकरच्या कोपऱ्यांखाली फरशीवर पेन्सिलीने खुणा करा. झाडूपोछा रोज होतो आणि स्पीकर रोज दोन बोटं सरकतात. दिवाळीच्या साफसफाईनंतर सिस्टिम बिघडल्यासारखी वाटली तर आधी त्या खुणा बघा, मग एक स्वीप घेऊन जुन्या फाइलीवर ठेवून बघा.